गोदामातलं ग्रहण

बायकोला सिनेमा दाखवणं हा काही गुन्हा नाही. निदान मी मुळशीत तो करेपर्यंत नव्हता.

झालं असं, की मेव्हणीचं पुण्याहून कार्ड आलं. खुशाली दोन ओळींत, आणि उरलेल्या जागेत, पत्त्याच्या बाजूवर चढून, एका सिनेमाची गोष्ट. एक जादूगार ऋषी, त्याच्याकडे विद्या शिकायला गेलेला गरीब मुलगा, उडणारी खाट, बोलणारा पोपट, आणि शेवटी गुरुशिष्यांची राक्षसाशी लढाई. 'मुलांना घेऊन तीनदा पाहिला. तुमच्याकडे काय विशेष?' असं विचारून तिनं सही केली होती. आमच्या कुमुदनं कार्ड वाचलं आणि घडी न घालता फडताळावर उभं करून ठेवलं. दुपारी ताक वाढताना म्हणाली, "तीन वर्षांत इथे हललेली एकच वस्तू मी पाहिली. धरणाच्या पाण्याची पातळी. तीही खाली जाताना."

मी तिथल्या भात सोसायटीचा सेक्रेटरी होतो. माझ्या हातात अधिकार म्हणजे एक शिक्का आणि गोदामाची किल्ली. पुण्याला जाऊन सिनेमा पाहायचा तर आमची एस.टी. चारला परत फिरायची आणि सिनेमा सहाला सुटायचा. मग मुक्काम मेव्हणीकडे, म्हणजे तीच गोष्ट चौथ्यांदा तिच्या तोंडून. त्यापेक्षा सिनेमाच मुळशीला आणावा असं मी बोलून गेलो. नवऱ्यानं ताक पिताना बोलू नये हे मला आता कळतं.

योगायोग असा, की पौडाच्या जत्रेत आलेल्या टुरिंग टॉकीजचा तंबू वाऱ्यानं फाटला होता आणि ऑपरेटर कोंडिबा मशीन, इंजिन आणि नेमका तोच सिनेमा घेऊन बेकार बसला होता. तो यायला तयार झाला. अट एकच: सिनेमाच्या रिळांच्या पेट्या संध्याकाळच्या एस.टी.नं पुण्याला परत गेल्या पाहिजेत. म्हणजे खेळ भर दुपारी.

"दुपारी सिनेमा दिसतो का?" मी विचारलं.

"अंधार करा, दिसतो," कोंडिबा म्हणाला. तो कमी बोलायचा. फार बोलणारा माणूस बरा, निदान तो कुठे फसवतोय ते कळतं.

आधी परवानगी. पौडाच्या कचेरीत कारकुनानं अर्ज हातात न घेता विचारलं, "मनोरंजन की शिक्षण?" मनोरंजन म्हटलं तर अर्ज पुण्याला जाणार आणि उत्तर येईपर्यंत कोंडिबाचा तंबू शिवून होणार, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. मी म्हणालो, शिक्षण. गुरूकडे शिष्य कसा शिकतो याचं चित्रण आहे. "म्हणजे प्रशिक्षण," तो म्हणाला आणि त्यानं आमचा सिनेमा सुधारित भातलावणीच्या प्रशिक्षणाच्या फायलीत लावून दिला. खाली शेरा मारला, 'उपस्थितांस काय शिकावयास मिळाले याचा अहवाल आठ दिवसांत पाठवणे.' मी हसत बाहेर पडलो.

गोदामात अंधार करायचा म्हटल्यावर सारं गाव सल्ला द्यायला आलं. शेजारच्या गोजराबाईंचं म्हणणं, खिडक्या शेणानं लिंपा. माजी सरपंचांचं म्हणणं, त्यापेक्षा लोकांनाच डोळे मिटायला सांगा, आवाज तर येतोच. शेवटी धनगर आळीचा धुळाजी म्हणाला, "घोंगडी लावा. काळ्या घोंगडीतनं ऊन बी जात न्हाई आन पाऊस बी." घराघरातून एक्केचाळीस घोंगड्या जमल्या. समोरच्या मोठ्या खिडकीला एक घोंगडी पुरेना, तेव्हा सगळ्यांत मोठी, पाच हाती, गेणबांची लागली. कौलांतून कवडसे येत होते, त्यावर भाताचा पेंढा पसरला. मी आत उभा राहून हात डोळ्यांसमोर धरला. हात दिसला नाही. आयुष्यात इतकं यशस्वी काम मी दुसरं केलेलं नव्हतं.

आता गेणबांबद्दल सांगायला हवं. गेणबा गावचे देवऋषी. वय सत्तरीचं. विंचू उतरवायचा, पोराची दृष्ट काढायची, आटलेल्या म्हशीला पान्हा आणायचा, ही सगळी खाती त्यांच्याकडे. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी या विषयावर परखड भाषण केलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गेणबांनी सर्वांत जास्त, आणि सभा संपल्यावर अध्यक्षांच्या सुनेची दृष्ट काढायला ते त्यांच्याच घरी गेले.

गेणबांना एक चेला होता, नथू. चेला म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पोरसवदा कुणी येईल. नथू बेचाळीस वर्षांचा होता. गेली अठरा वर्षं तो गेणबांचं पाणी भरत होता, लाकडं फोडत होता, त्यांची झोळी घेऊन मागून चालत होता, आणि मंत्राची वाट पाहत होता. मंत्र द्यायचा तर ग्रहण लागलेलं असावं लागतं आणि गुरू-चेले कमरेइतक्या पाण्यात उभे असावे लागतात. अठरा वर्षांत ग्रहणं काही कमी झाली नाहीत. पण एकदा गेणबांना ताप होता, एकदा आभाळ भरून आलं, एकदा नथूला सुतक होतं, एकदा पाणी फार गार होतं. नथूची बायको सुंदरा भातलावणीला मजुरीनं जाऊन घर चालवायची. ती सगळ्यांदेखत म्हणायची, "मंतर मिळंल तवा मिळंल, पर माज्या जन्माचं गिराण कवा सुटायचं?" नथू ऐकून घ्यायचा. पुढचं ग्रहण जूनमध्ये होतं, आणि यंदा नक्की, असं गेणबांनी कबूल केलं होतं. नथूनं सोसायटीच्या कॅलेंडरवर त्या तारखेला माझ्याकडून खूण करून घेतली होती.

खेळाच्या दिवशी गोदामात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे एका खुर्चीवर गेणबा, पायाशी नथू, बायकांत कुमुद आणि आमची दोन पोरं. घोंगड्यांचा वास, इंजिनाचा धूर, मेंढीचं एक कोकरू. कोंडिबानं मशीन सुरू केलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की सिनेमा हिंदी आहे आणि गावात हिंदी मी सोडून कुणाला येत नाही.

"भाऊसायेब, काय म्हंतोय त्यो?" पहिल्याच वाक्याला कुणीतरी विचारलं.

म्हणून मी पडद्याच्या कडेला उभा राहून सांगू लागलो. पहिली दहा मिनिटं मी ऋषींच्या तोंडी शुद्ध मराठी घातली. लोक माना डोलावत होते. ऋषींनी बोट करताच डोंगर उचलला गेला तेव्हा सगळं गोदाम एकदम गेणबांकडे वळलं. धोंडाबाई म्हणून एक म्हातारी होती, ती मोठ्यानं म्हणाली, "गेणबा, माज्या दारातला धोंडा तेवढा हलवा की. डोंगर राहू द्या." लोक हसले. गेणबाही हसले, पण त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झालेला मला दिसला.

मधेच छतातून एक पाय आला. पाय शेळीचा होता. गोदामाला लागून डोंगरउतार, तिथून धुळाजीच्या शेळ्या पेंढा खायला कौलांवर चढल्या होत्या. पाय पडद्यावरच्या राजवाड्यात लोंबकळत राहिला. लोकांना तो जादूचाच भाग वाटला आणि त्यांनी कौतुक केलं. मी चकार शब्द काढला नाही. तोपर्यंत मी चोख काम करत होतो.

मग ते गाणं आलं. गरीब मुलगा आश्रमात पाणी भरतो, लाकडं फोडतो, गुरूंची झोळी घेऊन मागून चालतो. नथू पुढे सरकून बसला. गाणं संपलं, गुरूंनी मुलाला जवळ बोलावलं, त्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि पडद्यावर नुसते ओठ हलले. मागे सतार वाजत होती.

"काय झालं?" नथूनं विचारलं.

"गुरूंनी मंत्र दिला," मी म्हणालो.

"किती दिस पाणी भरलं त्यानं?"

आता हे सिनेमात कुठे सांगितलेलं नव्हतं. पण एक्केचाळीस घोंगड्यांच्या अंधारात, अख्ख्या गावासमोर उभं राहून, 'मला माहीत नाही' असं सोसायटीचा सेक्रेटरी कसा म्हणणार? मुलाच्या अंगावर तोच सदरा होता, दाढीमिशीचा पत्ता नव्हता. मी अंदाजानं म्हणालो, "आठ दिवस."

नथू उभा राहिला. मशीनचा झोत त्याच्या पाठीवर पडला आणि त्याची सावली पडद्यावर ऋषींच्या मांडीवर जाऊन बसली. तो गेणबांकडे वळला. आवाज चढवला नाही त्यानं.

"गेणबा, आठ दिस?"

गेणबा उठले. दोन माणसं ओलांडून मोठ्या खिडकीपाशी गेले, आपली घोंगडी खिळ्यांवरून ओढून काढली, खांद्यावर टाकली, आणि बाहेर पडले. भर दुपारचं ऊन पडद्यावर येऊन पडलं. ऋषी, मुलगा, आश्रम, सगळं पुसून गेलं. राक्षसाची लढाई आम्ही नुसती ऐकली. उडणारी खाट कधी उडाली ते आजतागायत कुमुदला माहीत नाही. त्या दिवशी ती घरी जाताना माझ्याशी एवढंच बोलली, "आठ दिवस कुणी सांगितले तुम्हाला?"

दुसऱ्या दिवसापासून मुळशीचा कारभार बंद पडला. गेणबांनी दार लावून घेतलं. नथूनं त्यांचं पाणी भरणं सोडलं आणि तो सकाळी सहाला येऊन आमच्या ओट्यावर बसला.

"भाऊसायेब, तुमीच दावलंत. आता तुमीच मंतर मिळवून द्या."

"अरे नथू, तो सिनेमा होता. खोटा असतो."

"मग आठ दिस खोटं सांगितलं व्हय?"

आत जाऊन चहा पाठवला. तो चहा प्यायला आणि बसून राहिला. नऊ वाजता बाळाबाई आली. तिची म्हैस दूध चोरत होती आणि गेणबा दार उघडत नव्हते, तेव्हा मी जबाबदार. दहाला एक रडकं पोर आलं, दृष्ट लागलेलं. त्याला मी गोळी दिली तर त्यानं ती थुंकली. चार दिवस हे असंच चाललं. चौथ्या दिवशी सुंदरा आली. ती भांडेल म्हणून मी तयारीत होतो. ती नवऱ्याच्या शेजारी खाली बसली आणि मला म्हणाली, "मी त्येला रोज म्हनायचे, सोड त्यो नाद. आता सोडलाय तर रातभर भिंतीकडं बगत बसतो. म्हंतो, अठरा वरसं कुणी परत देतं का? द्या की काय तरी त्येला, भाऊसायेब." ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी गेणबांच्या दाराशी जाऊन अर्धा तास हाका मारल्या. आतून कडी हलली नाही. अठरा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाची वाट मी माझी शान राखायला दोन शब्दांत लावली होती, आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

त्याच दुपारी मी घोंगड्या परत द्यायला काढल्या. चाळीस घोंगड्या गोदामाच्या कोपऱ्यात रचलेल्या होत्या. सातवी की आठवी उचलली आणि ती झटकायची म्हणून पायावर टेकवली. घोंगडीच्या घडीत काय होतं ते मला आधी पायाच्या अंगठ्याला कळलं. काळा, वीतभर विंचू. मी ओरडलो नाही असं मी सगळ्यांना सांगतो. धरणाच्या पलीकडच्या काठावर जे ऐकू गेलं ते काहीतरी दुसरं असावं.

मला आमच्या ओट्यावर आडवं केलं. ठणका घोट्यावर, मग पोटरीत, मग गुडघ्यात. दुपारची एस.टी. निघून गेलेली, दवाखाना पौडाला. धुळाजी बैलगाडी आणायला पळाला. गोजराबाई म्हणाल्या, विंचवाला शोधून आणा, त्याला मारल्याशिवाय उतरत नाही. माजी सरपंच म्हणाले, पाय उंच करा. कुणीतरी म्हणालं, खाली करा. कुमुदनं सगळ्यांना बाजूला केलं आणि नथूकडे पाहिलं.

"नथू, गेणबांना बोलाव."

"वहिनी, ते दार उगडत न्हाईत."

"तुला उघडतील," ती म्हणाली.

मी हातानं नको नको म्हणत होतो. माझ्या परखड भाषणाला वर्षही झालं नव्हतं. पण पाय माझं ऐकत नव्हता. नथू गेला. आणि गेणबा आले. घोंगडी खांद्यावर, मागून नथू, त्याच्या हातात झोळी. ती त्यानं कधी परत उचलली ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. गेणबांनी सगळ्यांना ओट्यावरून उठवलं आणि माझ्या पायाशी बसले. ओठ हलू लागले. हात गुडघ्यापासून खाली येत होता. मी दात आवळून त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. थोड्या वेळानं ओठ थांबले.

"भाऊसायेब," ते हळू म्हणाले, "तुमी शिकलेली मानसं. तुमाला सांगतो. मंतर न्हाई."

मला वाटलं, विष डोक्यात गेलं.

"माजा गुरू सावळा. त्येचं पाणी मी बारा वरसं भरलं. परत्येक गिराणाला म्हनायचा, म्होरच्या वक्ताला. तसाच मेला. सांगाया काय असतं तर सांगितलं असतं की. मला कळलं तवा लोक दारात हुते, विंचू घिऊन. मी काय सांगनार हुतो?"

"मग तुम्ही म्हणता काय?" मी विचारलं. पायाचं मी क्षणभर विसरलो होतो.

गेणबा पाण्याकडे बघत होते. आमच्या ओट्यावरून धरण दिसायचं.

"आमची खाचरं म्हंतो. पाण्याखाली गेली ती. आंबेखाचर, उंबराचं खाचर, तळवट, कोंडाबाईचं खाचर, वरली माची, खालली माची. घरापासनं नदीपातूर. तेवडंच पाठ हाय मला. परत परत म्हंता म्हंता घटकाभर येळ जातो. तवर ठनका आपला आपन उतरतो. आता हे नथूला काय देऊ मी? अठरा वरसांनी हे देऊ?"

ज्या माणसाविरुद्ध मी भाषण केलं होतं, तो माझ्यापेक्षा परखड निघाला होता. बैलगाडीची घुंगरं वाणी आळीत वाजत होती. नथू पायरीखाली पाठ करून उभा होता, कारण मंत्र चालू असताना चेल्यानं ऐकायचं नसतं.

"हेच द्या," मी म्हणालो.

"ह्ये काय मंतर हाय?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो. चार दिवस उशिरा का होईना, हे वाक्य मला म्हणता आलं.

"गिराण न्हाई, पाणी न्हाई."

"गोदामात भर दुपारी अंधार केला होता, गेणबा. आणि पाणी समोर आहे."

गेणबांनी नथूला हाक मारली. नथू वर आला. गेणबांनी त्याला आमच्या माठातलं पाणी तळहातावर दिलं, शेजारी बसवलं, आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. सतार नव्हती. नथूनं डोळे मिटले होते आणि मान खाली होती. एकेक नाव जात होतं. अर्ध्यात कुठेतरी त्यानं डोळे उघडले. नथूही त्याच बुडालेल्या वस्तीचा. पाणी आलं तेव्हा तो पाळण्यात होता, पण घरात ती नावं कानावर पडलीच असणार. आता हा उठणार, आणि पुन्हा एकदा तो प्रश्न विचारणार, आणि या वेळी खिडकीवरून ओढून काढायला घोंगडीसुद्धा नाही.

गेणबा थांबले. नथू त्यांच्याकडे बघत होता.

"कोंडाबाईचं खाचर," तो म्हणाला. "ती माजी आजी."

"व्हय," गेणबा म्हणाले.

"आई नाव घ्यायची. कुटं हुतं ते म्हाईत नव्हतं." नथूनं बाहीनं तोंड पुसलं. "मंतरात हाय व्हय आमचं खाचर?"

गेणबांनी होय म्हणून मान हलवली आणि उरलेली नावं त्याच्या कानात सांगितली. नथू पुढे सरकला आणि त्यानं माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. धुळाजी गाडी घेऊन आला होता, कुमुद दारात उभी होती, सगळी आळी पायरीखाली उभी होती. नथूचे ओठ हलले. त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही न अडखळता म्हटलं, आणि हात गुडघ्यावरून घोट्यापर्यंत आणला.

"उतरला का, भाऊसायेब?"

मी गावासमोर एकदा खोटं बोललो होतो. "नाही," मी म्हणालो, "अजून गुडघ्यात आहे."

"मग परत पयल्यापासनं घेतो," नथू म्हणाला. त्याला घाई नव्हती.

गाडीत घालून मला पौडाला नेलं तेव्हा तो पाय धरून शेजारी बसला होता. दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत ठणका अंगठ्यात उतरला. तोपर्यंत त्यानं ती खाचरं तेवीस वेळा म्हटली होती, आणि घरापासून नदीपर्यंत ती सगळी मलाही पाठ झाली होती.